बजेटातला स्टिक-थ्रॉटल आणि अंतराळातले गेम्स: घेतल्यानंतरचं बोलूया

पंचगंगा_पायलट (राजारामपुरी, कोल्हापूर)

राम राम मंडळी.

जॉयस्टिकवरचे धागे बहुतेक 'कुठला घेऊ' इथं सुरू होतात आणि पार्सल घरी आलं की थांबतात. मला त्याच्या पुढचं बोलायचंय. माझ्याकडं सगळ्यात स्वस्त गटातला स्टिक-थ्रॉटलचा सेट आहे, म्हणजे उजव्या हाताला यान वळवायची स्टिक आणि डाव्या हाताला वेगाचा दांडा. बरीच वर्षं त्याच्यावर एलिट डेंजरस हा अंतराळयान चालवायचा गेम खेळतोय, मधूनमधून रॉकेट बनवून उडवायचा कर्बल स्पेस प्रोग्रॅम. ब्रँडवर वाद नको म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीत जे मिळतं त्याची मांडणी साधारण एकच असते: हलकं प्लॅस्टिक, आत पोटेन्शिओमीटर (हालचाल मोजणारा घासता सेन्सर), पिळता येणारी स्टिक, थ्रॉटलच्या पाठीमागं बोटांनी डावी-उजवीकडं दाबायची एक आडवी पट्टी, डझनभर बटणं आणि अंगठ्याखाली हॅट (चार दिशांना ढकलता येणारी छोटी घुंडी).

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्वस्त सेटवर हे गेम्स वर्षानुवर्षं मनासारखे खेळता येतात, पण त्यासाठी दोन कामं करावी लागतात. एक, सेट तसूभरही हलणार नाही असा बसवायचा. दोन, त्याच्याकडं जेवढे ॲक्सिस (कमी-जास्त करता येणाऱ्या हालचाली) आहेत ते विचार करून वाटायचे. ही कामं बाजूला ठेवून महागडी स्टिक आणली तरी तक्रारी त्याच राहतात.

बसवण्याचं आधी. टेबलावर नुसता ठेवला की स्टिक जोरात मागं ओढताना पुढची बाजू उचलली जाते. मग हात नकळत जपून चालतो, नेमक्या लढाईच्या वेळी. मी १२ मिलिमीटरच्या प्लायचा तुकडा कापून घेतला, त्यावर स्टिक आणि थ्रॉटल वेल्क्रोनं बसवले आणि प्लाय टेबलाला दोन सी-क्लॅम्पनी आवळला. आमच्या टेबलावर संध्याकाळी मुलीचा अभ्यास असतो, त्यामुळं रोज मांडायचं आणि रोज काढायचं. क्लॅम्प सोडला की अख्खी फळी कपाटामागं उभी राहते. स्वस्त सेटचा हा मोठा फायदा मला वाटतो, वजनाला काहीच नाही.

आता ॲक्सिस. विमानाला वर-खाली नाक, डावी-उजवी कड आणि शेपटीची दिशा एवढं सांभाळलं की झालं. अंतराळयान त्याशिवाय नाक न वळवता सरळ वर, खाली, डावीकडं, उजवीकडंही सरकतं. तीन फिरण्याच्या दिशा आणि तीन सरकण्याच्या, एकूण सहा. स्वस्त सेटवर मोजून पाच ॲक्सिस मिळतात: स्टिकचे दोन, पिळण्याचा एक, थ्रॉटल आणि ती मागची पट्टी. म्हणजे एक कमी पडणारच. कुठला सोडायचा हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा.

मी असं वाटलंय: स्टिक पुढं-मागं नाक, डावी-उजवी लोळण, पिळलं की दिशा, थ्रॉटल पुढचा वेग, आणि मागची पट्टी वर-खाली सरकायला. डावी-उजवी सरकणं हॅटवर. हॅट म्हणजे चालू किंवा बंद, मधलं काही नाही, म्हणून जे सगळ्यात कमी लागतं ते तिथं. बरेच जण पट्टी डाव्या-उजव्यासाठी ठेवतात, कारण ती दाबायचीच डावी-उजवीकडं. ऐकायला ते बरोबर वाटतं. पण स्टेशनच्या फिरत्या खाचेतून आत जाताना यान खाचेच्या मध्यरेषेच्या किंचित वर नाहीतर खाली असतं, तेव्हा हवा असतो हलकासा वर-खालीचा धक्का. तो धक्का चालू-बंदवाल्या हॅटवर दिला तर यान पलीकडच्या कडेला जाऊन घासतं. पट्टीवर बोट टेकवलं की हवं तेवढंच सरकतं.

बाकीच्यांनी आपापली वाटणी लिहा. आणि पावसाळ्यात सेन्सर कसे सांभाळता तेही.

रात्रपाळी_शिरोली

भावा, गेमपॅडवर पण होतंय की सगळं. मी सोफ्यावर बसून खेळालोय, काय अडत नाही. एवढा पसारा कशाला मांडायचा?

पंचगंगा_पायलट

होतंय, नक्की होतंय. गेमपॅडवर उत्तम खेळणारे लोक आहेत. फरक दोन जागी पडतो. गेमपॅडची काडी जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढी हलते, त्यात बारीक नेम धरणं अवघड. स्टिकला मनगटाची पूर्ण हालचाल मिळते. दुसरं म्हणजे थ्रॉटल जिथं सोडाल तिथं राहतो. एलिटमध्ये वेगाच्या पट्टीवर एक निळा भाग असतो, त्या वेगात यान सगळ्यात चपळ वळतं. थ्रॉटल हाताला सवयीचा झाला की त्या निळ्यात पडद्याकडं न बघता जाता येतं.

लांबच्या प्रवासात तर थ्रॉटलची किंमत आणखी कळते. आकाशगंगेच्या मध्याकडं निघालास तर सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांचा पल्ला. प्रत्येक उडीनंतर यान थेट एका ताऱ्यापुढं बाहेर पडतं. उडी चालू असतानाच डाव्या हातानं थ्रॉटल शून्यावर ओढून ठेवायचा, बाहेर आलं की ताऱ्याचा रंग बघायचा, इंधन भरता येणारा असला तर हळूच पुढं ढकलायचा. ही हाताची लय गेमपॅडवर मला कधी मिळाली नाही. तुला सोफा आवडत असेल तर सोफ्यावरच खेळ, त्यात कमीपणा काहीच नाही.

फाउंड्रीवाला (उद्यमनगर)

पायलट, प्लाय ठीक हाय, पण उंची चुकतीय. टेबलाच्या वर स्टिक ठेवलीस की खांदा वर जातोय, तासाभरात मान धरती. हात खाली सोडून कोपर काटकोनात आलं की मूठ जिथं येती तिथं स्टिक पायजे. म्हंजे टेबलाच्या पृष्ठभागाच्या खाली, मांडीच्या जरा वर.

मी काय केलंय सांगतो. एल-अँगलचे दोन तुकडे, ५ मिलिमीटर जाड. एक बाजू टेबलाच्या खालनं क्लॅम्पला, दुसरी खाली लोंबती, तिला उभी लांबट खाच. त्या खाचेत बोल्ट वर-खाली सरकतोय, त्यावर बसती पत्र्याची पाटी, त्या पाटीवर स्टिक. उंची पायजे तशी घ्यायची आणि विंग नट आवळायचा. थ्रॉटलसाठी डाव्या बाजूला तसंच. उद्यमनगरात कुठल्याबी फॅब्रिकेशनवाल्याकडं भंगारातल्या अँगलवर हे काम होतंय. खाच गॅसनं कापून घेऊ नका, कड खडबडीत राहती आणि बोल्ट अडकतोय. ड्रिलची भोकं ओळीनं पाडून कानशीनं जोडा, न्हाईतर मिलिंगवाल्याकडं द्या.

आणि पाटी व स्टिक यांच्या मधी रबराची शीट घाला. पत्रा वाजतोय रात्री, घरातली उठत्यात.

सर्किट_ताई (कागल)

पावसाळ्याच्या प्रश्नाला उत्तर देते, कारण माझ्या बाकावर असे बरेच सेट येतात.

पोटेन्शिओमीटरच्या आत कार्बनची एक पट्टी असते आणि तिच्यावरून धातूचा छोटा हात घासत फिरतो. घासला की पट्टीची भुकटी होते, तिच्यात धूळ आणि ओल मिसळते, आणि मग स्टिक सरळ उभी असतानाही आकडा नाचायला लागतो. तो नाच आधी बघून घ्या: विंडोजमध्ये गेम कंट्रोलरची खिडकी उघडली की अधिकच्या चिन्हासारखी एक छोटी खूण दिसते. हात न लावता ती थरथरत असेल तर पट्टी मळली आहे. एका बाजूला सरकून स्थिर असेल तर फक्त कॅलिब्रेशन करा (स्टिकचा मध्य आणि टोकं पुन्हा नोंदवा), खोलू नका.

खोलायचंच असेल तर वॉरंटी संपली आहे ना ते बघा. स्वस्तातल्या काही सेटमध्ये दोन स्क्रू रबराच्या पायांखाली लपलेले असतात. पाय उपटून स्क्रू काढा, तळ उचलताना वायर ताणू नका. स्टिकच्या मुळाशी मोठी स्प्रिंग असते, ती उडते, म्हणून टॉवेल अंथरून त्यावर काम करा. पोटेन्शिओमीटरच्या पायांच्या वर बारीक फट दिसेल. त्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा, मग दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याच वेळा फिरवा. काळपट पाणी बाहेर येतं, ते पुसा, पुन्हा एकदा तसंच. पूर्ण वाळल्याशिवाय जोडू नका. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारू नका, त्याचा थर पट्टीवर राहतो आणि त्यालाच पुढं धूळ चिकटते.

ग्रीस द्यायचं असेल तर सिलिकॉनचं. पेट्रोलियमचं ग्रीस काही प्लॅस्टिकना खातं, महिन्याभरात कळत नाही पण नंतर तडे जातात.

पिळण्याचा ॲक्सिस सगळ्यात आधी का बिघडतो तेही सांगते. त्याचा सेन्सर बहुतेक मुठीच्या आत असतो आणि त्याच्या वायरी मानेतून खाली येतात. प्रत्येक पिळीला त्या वळतात. कधीकधी दोष पोटेन्शिओमीटरचा नसतो, वायर सोल्डरपाशी अर्धी तुटलेली असते. मीटर लावून बघा, मगच भाग बदला. नवा घ्यायचा झाल्यास आधी जुन्याचा रेझिस्टन्स मोजा. बहुतेक वेळा १० किलो-ओहमचा लिनिअर निघतो, तो रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी किरकोळ पैशात मिळतो.

ही घासाघीस नकोच असेल तर हॉल सेन्सरची स्टिक घ्या. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवलेला परिणाम: वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला की तिच्यावर आडवा व्होल्टेज तयार होतो. स्टिकसोबत चुंबक फिरतो, सेन्सर जागेवर, दोघांचा स्पर्शच नाही, त्यामुळं झिजायला काही नाही. थ्रस्टमास्टर कंपनीच्या टी-१६०००एम या स्टिकच्या मुख्य दोन ॲक्सिसना असे सेन्सर आहेत आणि ती फार महागही नाही. फक्त जवळ स्पीकरचा मोठा चुंबक ठेवू नका.

पंचगंगा_पायलट

ताई, मनापासून आभार. हे छापून कपाटाच्या दाराला लावतो. पावसाळ्यात मी सेट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीसुद्धा ओल्या असतात आपल्याकडं, त्यात हा उपाय बरा पडलाय.

नवा_कमांडर

दादा, मी नुकताच इंजिनिअरिंगला लागलोय, पैसे साठवून पहिला सेट घेतलाय. एलिट उघडलं तर एवढी बटणं जोडायची आहेत की कुठनं सुरू करू कळंना. रूममेट म्हणतोय तयार प्रोफाइल घे, म्हणजे दुसऱ्यानं आधीच केलेल्या जोडण्या. घेऊ का?

पंचगंगा_पायलट

तयार प्रोफाइल घेऊ नकोस. दुसऱ्याच्या हाताची सवय तुझ्या हातात येत नाही, आणि अडचणीच्या वेळी कुठलं बटण कशाचं हे आठवत नाही. स्वतः जोड, पण सगळं एका बैठकीत नको.

पहिल्या दिवशी फक्त उडणं. पाच ॲक्सिस, हॅट आणि चाकं खाली घ्यायचं बटण. ट्रेनिंगमध्ये जा, स्टेशनच्या आत ये, बाहेर जा. हात बसला की बोटाच्या ट्रिगरवर मुख्य शस्त्र, अंगठ्याजवळच्या बटणावर दुसरं. लक्ष्य निवडायचं बटण स्टिकवरच हवं, थ्रॉटलवर नको, कारण लढाईत डावा हात वेगात गुंतलेला असतो. शेवटी एक बटण मॉडिफायर म्हणून राखून ठेव. ते दाबून धरलं की बाकीच्या बटणांचं काम बदलतं, म्हणजे डझनाची दोन डझन झाली. थ्रॉटलवर करंगळीखालचं बटण यासाठी छान.

डेडझोन, म्हणजे मध्याजवळ स्टिक हलली तरी गेम दखल घेत नाही तो भाग, जेवढा कमी जमेल तेवढा. आधी शून्य ठेव, स्टिक सोड, यान आपोआप वळतंय का बघ. वळत असेल तर थोडा थोडा वाढव आणि वळणं थांबलं की तिथंच थांब. पिळण्याच्या ॲक्सिसला मात्र जरा जास्त दे, नाहीतर स्टिक बाजूला नेताना मनगट थोडं पिळतंच आणि यानाचं नाक हलतं.

काही गेम्समध्ये कर्व्ह (स्टिक किती हलली की यान किती वळेल ते ठरवणारी सेटिंग) आत मिळतो, एलिटमध्ये मिळत नाही. मध्याजवळ स्टिक मऊ करायची असेल तर जॉयस्टिक ग्रेमलिन आणि व्हीजॉय ही दोन फुकट साधनं आहेत. स्वस्त स्टिकला याचा फार उपयोग होतो, मधला खडखडाट बराच झाकला जातो. पण पहिले काही आठवडे त्याशिवाय खेळ.

थ्रॉटलच्या मध्यावर खटका असेल तर एलिटच्या सेटिंगमध्ये पूर्ण पल्ला निवड: खटका म्हणजे शून्य, पुढं पुढचा वेग, मागं उलटा. खटका नसेल तर फक्त पुढचा पल्ला घे आणि उलट्यासाठी वेगळं बटण ठेव. अंतराळात उलटं जायची वेळ बऱ्याचदा येते.

आणि बाइंडिंगची, म्हणजे बटणांच्या जोडण्यांची, फाइल जपून ठेव. विंडोजच्या लोकल ॲपडेटा फोल्डरमध्ये फ्रंटिअर डेव्हलपमेंट्स, त्यात एलिट डेंजरस, मग ऑप्शन्स, मग बाइंडिंग्ज. तो फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेव. सेट जोडायचा राहिला आणि गेम सुरू केला की जोडण्या उडायचा धोका असतो. आधी यूएसबी, मग गेम. रोज तेच पोर्ट वापर.

दोन_मुठी (शाहूपुरी)

पायलट, तुमच्या बसवण्याच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत, पण थ्रॉटलवर माझा आक्षेप आहे. सहा दिशा आणि पाच ॲक्सिस हे कोडं तुम्हीच मांडलंत. ते सुटतं दोन स्टिकनी. उजवीनं फिरायचं, डावीनं सरकायचं. सहाच्या सहा बारीक हालचाली हातात येतात आणि हॅट बटणांसाठी मोकळा होतो.

याला आधार गेमचा नाही, खऱ्या यानांचा आहे. अपोलोच्या कमांड मॉड्यूलमध्ये कमांडरच्या डाव्या हाताला सरकण्याचं हँडल होतं आणि उजव्या हाताला फिरण्याचं. रशियाच्या सोयूझ यानात दुसऱ्या यानाशी हातानं जोडणी करायची वेळ आली तर तिथंही दोन हँडल, डावं सरकायला, उजवं फिरायला. थ्रॉटल आला विमानातून, कारण विमानाला हवा मागं ओढते आणि इंजिन सतत लावून ठेवावं लागतं. अंतराळात ती ओढ नाही. एलिटमध्ये फ्लाइट असिस्ट (यानाचा वेग आपोआप सांभाळणारी सोय) बंद करून बघा, थ्रॉटल शून्यावर आणला तरी यान सरकतच राहतं.

बजेटातही हे जमतं. टी-१६०००एमची मूठ डाव्या हातासाठी बदलता येते, तिचे तुकडे सोबत येतात. अशा दोन घेतल्या की झालं.

पंचगंगा_पायलट

दोन_मुठी, तुमचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. असिस्ट बंद करून लढणाऱ्यानं दोन स्टिकच घ्याव्यात, हे मीही सांगेन. पण माझा बहुतेक वेळ जातो प्रवासात आणि माल वाहण्यात. तिथं असिस्ट चालू असतो आणि थ्रॉटल म्हणजे 'एवढ्या वेगानं चल' असा आदेश. तासभर एकाच वेगात जाताना डावी स्टिक पुढं दाबून धरायची की थ्रॉटल ठेवून चहाचा कप उचलायचा? सुपरक्रूझमध्ये (तारकामंडळातल्या अतिवेगवान प्रवासात) पोचायला सात सेकंद उरले की थ्रॉटल पाऊण भागावर आणायचा, मग यान मुक्काम ओलांडून पुढं जात नाही. हे थ्रॉटलवर बोटाच्या अंदाजानं होतं.

कुणी काय घ्यावं हे तो काय खेळतो त्यावर ठरवावं. नवा_कमांडर, तू आधी आहे त्याच सेटवर असिस्ट बंद करून बघ. त्यात जीव रमला तर दुसऱ्या स्टिकचा विचार कर.

कर्बल_काका

दोघांचंही पटतं. कर्बलमध्ये मी एक स्टिक आणि कीबोर्ड असं चालवतो. उड्डाणाला थ्रॉटल हवाच. पण कक्षेत दोन यानं जोडताना थ्रॉटलला हात लावायचा नाही, आरसीएस (यान सरकवणारी छोटी इंजिनं) चालू करायचं, कॅप्स लॉक दाबून बारीक नियंत्रण घ्यायचं आणि आय, जे, के, एल व एच, एन या कळांनी सरकायचं. हवं तेवढं सावकाश.

नव्या मुलांना मी एक सराव सांगतो. स्पेसएक्सनं २०२० मध्ये ब्राउझरमध्ये चालणारा जोडणीचा सिम्युलेटर ठेवला होता. त्यात टेकताना वेग सेकंदाला ०.२ मीटरच्या आत हवा. तो एकदा जमला की कळतं, एक टिचकी द्यायची आणि वाट बघायची. स्टिक हातात आल्यावर पोरं सतत ढकलत राहतात, तिथंच बिघडतं.

आपल्या इस्रोनं १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्समध्ये दोन उपग्रह कक्षेत जोडले, तेव्हा हँडल कुणाच्याच हातात नव्हतं, सगळं यानांनी आपणहून केलं. त्या दिवशी मी नातवाला तेच कर्बलमध्ये हातानं करून दाखवलं. दोन्ही यानांचा सापेक्ष वेग शून्याकडं नेणं म्हणजे काय ते त्याला पहिल्या खेपेला कळलं. दहावीच्या पुस्तकातून ते मला इतक्या सोप्या रीतीनं समजावता आलं नसतं.

नवा_कमांडर

काका, दादा, ताई, सगळ्यांचे आभार. आज फक्त ॲक्सिस जोडले आणि खाचेतून आत जाऊन आलो. पट्टी वर-खालीला ठेवली, भारी जमतंय. डेडझोन शून्यावरच चाललंय. फक्त सेट टेबलावर सरकतोय, होस्टेलचं टेबल गुळगुळीत आहे. अँगलचं काम किती पैशात होईल?

फाउंड्रीवाला

पोरा, होस्टेलच्या टेबलाला भोक पाडायचं न्हाई, क्लॅम्पवरच करू. माझ्याकडं अँगलचे तुकडे पडून आहेत, मटेरियलचे पैसे नकोत. टेबलाची जाडी, पुढच्या कडेपासून खालच्या आडव्या पट्टीपर्यंतचं अंतर आणि खुर्चीत बसल्यावर मांडीपासून टेबलाच्या खालपर्यंतची उंची, तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये टाक. स्टिकच्या तळाला भोकं हायत का तेबी बघ, नसली तर वेल्क्रोची जागा ठेवतो.

नवा_कमांडर

जाडी १८, कडेपासून पट्टी ११०, मांडी ते टेबल १४०. तळाला भोकं नाहीत, चार रबरी पाय आहेत.

फाउंड्रीवाला

११० म्हंजे क्लॅम्पला जागा भरपूर. १४० मधी पाटी आणि स्टिकचा तळ बसंल, पण मूठ टेबलाच्या कडेला लागंल, म्हणून पाटी उजव्या बाजूला टेबलाच्या बाहेर काढतो. रविवारी दुपारी उद्यमनगरात ये, स्टिक सोबत आण. वेल्क्रो रुंद घे, दोन इंची.

सर्किट_ताई

रबराचे पाय काढू नकोस, त्यांच्याखाली स्क्रू असतील आणि वॉरंटी अजून चालू आहे. वेल्क्रो पायांच्या मधल्या सपाट भागाला लाव.